बायो ठेवायचं की सोडायचं?

विठ्ठलवाडी स्थानकाच्या एका अंगाला कल्याण पूर्व येऊन टेकलं आहे, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरचे कॅम्प. दहावीचा निकाल लागला की दोन्ही अंगांना विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर आणि बंद पडलेल्या दुकानांच्या शटरांवर एकाच धाटणीच्या जाहिराती दिसू लागतात. मुलामुलींचे चौकोनी फोटो, खाली गुण किंवा पर्सेंटाइल, वर मोठ्या अक्षरांत ‘नीट’ आणि ‘जेईई’. जागा उरली असेल तर कोपऱ्यात ‘सीईटी’. फोटोतली मुलं हसत नसतात. हॉल तिकिटासाठी काढलेलेच फोटो ते.

डॉक्टर व्हायचं की इंजिनिअर, हा प्रश्न बारावीनंतर सुटतो अशी बाहेरच्यांची समजूत असते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तो दहावीच्या सुट्टीतच, क्लासच्या काउंटरवर निकालात निघतो. तिथे कुणी ‘तुला आयुष्यात काय करायचंय’ असं विचारत नाही. विचारतात ते एवढंच : “बायो ठेवायचं की सोडायचं?”

या चार शब्दांमागे राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञानाची सगळी रचना आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र कुणाला सुटत नाहीत. गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही ठेवले की पीसीएमबी. जीवशास्त्र सोडून बायफोकलला, म्हणजे सरकारी भाषेत द्विलक्षी अभ्यासक्रमाला गेलं की इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा विषय मिळतो. त्याचं प्रात्यक्षिक गुण देणारं आणि अभ्यास आटोपशीर, म्हणून मुलं त्याच्यावर खूश असतात. बायफोकलच्या बदल्यात जीवशास्त्र जातंच, पण दुसरी भाषाही जाते. पंधराव्या वर्षी मराठी घरातल्या मुलाच्या दप्तरातून मराठीचं पुस्तक कायमचं बाहेर पडतं ते असं. त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नाही. चर्चा बेडकाची, झुरळाची आणि माणसाच्या मूत्रपिंडाची चालते.

डॉक्टरकीकडे निघालेली मुलं उलट बाजूने गणित सोडतात. वेळ वाचतो, असं त्यांना सांगितलेलं असतं. तो वाचतोही. पण राज्यात अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहेत, त्यामुळे गणित सोडणाऱ्याने ते दार स्वतःच्या हाताने लावून घेतलेलं असतं. जीवशास्त्र सोडणाऱ्यांसाठी निदान कागदावर परतीची वाट झाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, की बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. क्लासच्या काउंटरवर ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. दोन्ही विषय ठेवणारं मूल त्यांच्या वेळापत्रकात बसत नाही, हे त्याचं साधं कारण. नीटची बॅच आणि जेईईची बॅच एकाच वेळी भरते. मूल एक, खुर्ची एक.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. या दोन वाटांतली चांगली कोणती, हा प्रश्नच मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. दोन्ही वाटांची बांधणी इतकी वेगळी आहे, की खरं विचारायला हवं ते हे : कुठे अडलं तर काय होतं, आणि ते अडणं आपल्या घराला परवडतं का? पण हे विचारायच्या आत आपण पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावाने दोन वर्षांची फी भरून मोकळे होतो.

आता बांधणी बघू. नीट ७२० गुणांची. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. त्यातले ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, उरलेल्या निम्म्यात भौतिक आणि रसायन. परीक्षा कागदावर, ओएमआर पत्रिकेवर गोल काळे करत, वर्षातून एकदाच. अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांचा, आणि तोही असा, की चित्राखालची बारीक अक्षरातली ओळसुद्धा सोडायची नाही. २०२५ मध्ये देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलं या परीक्षेला बसली आणि १२ लाख ३६ हजार ‘पात्र’ ठरली. हा पात्र शब्द फार फसवा आहे. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून सव्वा लाखाच्या आसपास, आणि सरकारी त्याच्या निम्म्याच्या जवळपास. ‘आमची नीट क्वालिफाय झाली’ असं सांगत पेढे वाटणाऱ्या घरातल्या बहुतेकांना पुढच्या दोन महिन्यांत या शब्दाचा खरा अर्थ कळतो.

महाराष्ट्राच्या सीईटीचा स्वभाव दुसरा. पीसीएम गटात तीन विषयांचे दीडशे प्रश्न. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, इतरांना एक, एकूण २००. चुकीला वजाबाकी नाही. आधार राज्य मंडळाच्या पुस्तकांचा : बारावीचा भाग ८० टक्के, अकरावीचा २० टक्के. परीक्षा संगणकावर, अनेक पाळ्यांत, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत. याचा अर्थ असा, की बारावी पास होऊन सीईटी दिलेल्या मुलाला कुठे ना कुठे प्रवेश मिळतोच. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत, हे मात्र त्याच्या पर्सेंटाइलवर ठरतं.

डॉक्टरकीची चाळणी दारात लावलेली आहे, इंजिनिअरिंगची आत. वैद्यकीयला प्रवेश मिळाला की साडेचार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप पार पाडून बहुतेक सगळे डॉक्टर होऊनच बाहेर पडतात. सरकारी जागेवर शिकलं तर पुढे एक वर्षाची बंधपत्रित सेवा. अभियांत्रिकीला आत शिरणं सोपं, पण खरी निवड चौथ्या वर्षी, कॅम्पस मुलाखतीच्या रांगेत होते. तिथे नापास झालेल्याचा फोटो कुठल्याच शटरवर लागत नाही, त्यामुळे ती नापासी दिसतही नाही. नीटमध्ये पडलेलं मूल अठराव्या वर्षी सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. इंजिनिअर होऊन घरी बसलेल्या मुलाबद्दल बाविसाव्या वर्षी ‘तो काहीतरी कोर्स करतोय’ एवढंच ऐकू येतं. पालक पहिल्या अपयशाला घाबरतात. दुसरं अधिक महाग पडतं.

परीक्षांचे नियम बदलत राहिले, हेही पालकांच्या धास्तीमागचं एक कारण आहे आणि ते खोटं नाही. नीट पहिल्यांदा मे २०१३ मध्ये झाली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने तो निकाल मागे घेतला. त्या वर्षी मे महिन्यात राज्याची सीईटी द्यायला बसलेल्या मुलांना, ती मोजली जाणार की नाही, हे परीक्षेच्या दिवशीसुद्धा ठाऊक नव्हतं. अखेर केंद्राने अध्यादेश काढून एका वर्षाची सवलत दिली. अभियांत्रिकीचंही तेच : २०१४ आणि २०१५ ला प्रवेश जेईई मेनवर, २०१६ ला पुन्हा सीईटीवर. २०२४ च्या नीटमध्ये आधी ६७ जणांना पैकीच्या पैकी, मग वाढीव गुण रद्द, मग सुधारित निकाल. मोठ्या भावाच्या वेळचा अनुभव धाकट्या बहिणीला लागू पडत नाही. मग माहिती कुणाकडे? क्लासवाल्याकडे. क्लासची सत्ता शिकवण्यातून जेवढी येते तेवढीच या गोंधळातून येते.

या पट्ट्याला इंजिनिअर हा प्राणी डॉक्टरच्या आधीपासून ओळखीचा. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधमधून आलेली लाखभर माणसं वसवली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिलं. शेजारी अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना १९२० च्या दशकापासून होताच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. शहाडला सेंच्युरी रेयॉन. मग अंबरनाथ-बदलापूरची एमआयडीसी. ‘फॅक्टरीत आहेत’ एवढं सांगितलं की पगार, क्वार्टर आणि मुलीचं स्थळ या तिन्हींचा खुलासा व्हायचा. आयटीआय करून अॅप्रेंटिस, मग टर्नर, फिटर, मिलर, आणि नशिबात असेल तर चार्जमन. लोकांच्या डोळ्यासमोरचा इंजिनिअर म्हणजे भोंगा झाल्यावर सायकलवरून घरी येणारा माणूस. तो काय करतो हे शेजाऱ्याच्या पोराला सांगता यायचं. उल्हासनगरच्या गाळ्यांतून तर पदवी नसलेल्या हिकमती कारागिरांनी काय काय बनवलं, त्याचे विनोद आजही चालतात. विनोद करणाऱ्यांच्या घरात त्या गाळ्यांतला माल असतोच.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याआधी मुंबईकडच्या हुशार मुलासमोर व्हीजेटीआय, सरदार पटेल, यूडीसीटी अशी मोजकी नावं होती, आणि पुण्याचं सीओईपी. नंतर कर्जतपर्यंत महाविद्यालयं उभी राहिली. शेलू, वांगणी, बदलापूर या नावांशी आता डोंगर आणि धबधब्यांइतकीच अभियांत्रिकीची महाविद्यालयंही जोडली गेली आहेत. इंजिनिअर होणं सोपं झालं आणि त्याच सुमारास इंजिनिअर दिसेनासा झाला. तो आता ऐरोलीला किंवा हिंजवडीला काचेच्या इमारतीत बसतो आणि काय करतो हे त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही. ऑर्डनन्स फॅक्टऱ्या चालवणारं मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. ‘फॅक्टरीत आहेत’ या वाक्याचं जुनं वजन त्याआधीच उतरलं होतं.

डॉक्टर मात्र तसाच दिसत राहिला. कोपऱ्यावरचा दवाखाना, हिरवा पडदा, कंपाउंडर, पावसाळ्यात तापाची रांग. मुलाला डॉक्टर करावंसं वाटण्यामागे प्रतिष्ठा आणि पैसा आहेच, पण या कामाचा चेहरा ओळखीचा आहे, हेही मोठं कारण आहे असं मला वाटतं. गंमत अशी, की तो ओळखीचा चेहराही खरा राहिलेला नाही. नुसत्या एमबीबीएसवर दवाखाना टाकून बसणारा तरुण आज विरळाच. त्याच्यापुढे नीट-पीजी, मग तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस. बारावीपासून मोजलं तर स्थिर कमाई सुरू होईपर्यंत तिशी उजाडते. पाचवीत सोबत बसलेला इंजिनिअर मित्र तोवर बदलापूरला वन-बीएचके घेऊन त्याचे हप्ते भरत असतो.

आणि आता वैद्यकीय महाविद्यालयच दारात आलं आहे. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात एक अंबरनाथचं. ९ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीने त्यांचं एकत्रित उद्घाटन केलं आणि या दहांमुळे राज्यात ९०० जागा वाढल्याचं सांगितलं. अंबरनाथच्या वाट्याला १०० आल्या. तोवर इथल्या मुलांना सर्वांत जवळचं सरकारी म्हणण्याजोगं वैद्यकीय महाविद्यालय कळव्याचं, ठाणे महापालिकेचं. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये वैद्यकीची पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई जोशी कल्याणच्या. तिथून दोनतीन स्थानकं पुढे वैद्यकीय महाविद्यालय यायला १३८ वर्षं गेली. व्याख्यानांत आनंदीबाईंचं नाव आपण किती वेळा घेतो, त्या मानाने हा वेग बेताचाच.

अंबरनाथला महाविद्यालय आल्यावर ‘आता आपल्या पोरांना सोपं जाईल’ असं बोललं गेलं. ते बरोबर नाही. १०० पैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या ८५ राज्याच्या गुणवत्ता यादीतून, आरक्षणाच्या नियमांनुसार. स्थानिकाला सवलत नाही. पूर्वी वैद्यकीयला विभागवार ७०:३० चं सूत्र होतं, तेही २०२० मध्ये गेलं. अभियांत्रिकीत निदान होम युनिव्हर्सिटीचा हिशेब असतो. वैद्यकीयला विठ्ठलवाडीचा मुलगा आणि गडचिरोलीची मुलगी एकाच यादीत. फायदा एकच, पण तो लहान नाही : यादीत वर आलेलं मूल घरी जेवून कॉलेजला जाऊ शकतं. होस्टेल आणि मेस यांचा खर्च वाचतो. पट्ट्यातल्या रुग्णांना त्याचा फायदा किती होतो, हे मात्र तिथे शिकवणारे डॉक्टर किती टिकतात यावर ठरेल.

पैशाचं बोलू, कारण घरात ते दार बंद करून बोललं जातं. सरकारी एमबीबीएसचं शुल्क मध्यमवर्गाच्या आवाक्यात आहे. खासगीत ते वर्षाला अनेक लाखांवर जातं आणि नवी मुंबईच्या काही अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्याही वर. मधली पायरी नाहीच. म्हणून सरकारी यादीत थोडक्यात हुकलेल्या मुलासमोर तीन रस्ते उरतात. एक, ड्रॉप घेऊन रिपीटर बॅचला बसणं. दोन, बीएएमएस, बीएचएमएस किंवा फिजिओथेरपी. तीन, किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशियाचा एजंट. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय मुलं परत आणावी लागली, तेव्हा कोणत्या गल्लीतून कोण तिकडे गेलं होतं ते सगळ्यांना एकदम कळलं. परदेशात शिकायलाही नीट पात्रता लागते आणि परतल्यावर इथे वेगळी परीक्षा द्यावी लागते. एजंटच्या पत्रकात हा मजकूर असला तर शेवटच्या पानावर असतो.

ड्रॉपबद्दल सरसकट वाईट बोलण्यात अर्थ नाही. एका वर्षात शंभरदीडशे गुण वाढवणारी मुलं असतात. पण दुसरा ड्रॉप, तिसरा ड्रॉप हे वेगळं प्रकरण आहे. वर्गमित्र तिसऱ्या वर्षाला, आणि हा अजून मानवी पचनसंस्था पाठ करतोय. नातेवाईक विचारतात, “काय, यंदा होतंय ना?” सणासुदीला ही मुलं घराबाहेर पडायचं टाळतात. पीसीएमबी ठेवलेलं असेल तर पहिल्या फटक्यानंतरच सीईटीच्या पर्सेंटाइलवर अभियांत्रिकीला किंवा फार्मसीला वळता येतं. गणित सोडलेलं असेल तर इंजिनिअरिंगकडे वळताच येत नाही. नवव्या इयत्तेत गणिताला कंटाळलेल्या मुलाने ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हटलं, की त्या वाक्यातली किती इच्छा डॉक्टरकीची आणि किती गणितातून सुटण्याची, हे घरच्यांनी आधी तपासायला हवं.

मुलींच्या बाबतीत हिशेब नुकताच बदलला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. ‘मुलाला इंजिनिअर करू, मुलीला बीएस्सी पुरे’ असं ठरवून बसलेल्या बापाकडे आता पैशाचं कारण उरलेलं नाही. दुसरी कारणं अर्थात तयार असतात. मुलगी डॉक्टर झाली तर ‘घरबसल्या दवाखाना चालवता येईल’ हे स्तुतीसारखं म्हटलं जातं. इंजिनिअर व्हायचं म्हटलं तर ‘नाइट शिफ्ट असते का गं?’ हा प्रश्न आधी येतो. आणि एमबीबीएसची वर्षं मोजताना आजी हळूच लग्नाचं वय मोजत असते. ज्या घरात पहिलं शिकणारं माणूस मुलगीच आहे, तिथे या मोजणीला उत्तर देणारं कुणी नसतं. तिथे शाळेतल्या बाई बोलल्या तर फरक पडतो. हे मी अंदाजाने म्हणत नाही. या पट्ट्यातल्या अनेक डॉक्टरांच्या आणि इंजिनिअर बायकांच्या गोष्टीत कुठली तरी एक बाई असतेच.

अजून एक वाट आहे, तिच्याबद्दल दिवाळी अंकांत कुणी लिहीत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. जेईई नाही, सीईटी नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी. कारखान्यांच्या या पट्ट्यात ही वाट जुनी आहे आणि तिच्यावरून आलेली मुलं वर्कशॉपमध्ये लगेच उठून दिसतात, कारण त्यांनी सोळाव्या वर्षी हातात फाइल धरलेली असते, कागदाची नव्हे, लोखंड घासायची. पण डिप्लोमा म्हटलं की ‘मार्क कमी पडले का?’ असं विचारलं जातं. ऐंशी टक्के मिळवून आपण होऊन डिप्लोमा घेणाऱ्या मुलाचं मला नेहमी कौतुक वाटतं.

या दोन वाटा आपण इतक्या लांब नेऊन ठेवल्या आहेत, की त्यांचं काम एकाच जागी असतं हे विसरायला होतं. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरला एका टँकरने वालधुनी नदीत रसायन ओतलं. पहाटे काठावरच्या वस्तीतली माणसं मळमळीने, डोळ्यांच्या आगीने आणि श्वास कोंडून जागी झाली. शेकडो जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. वालधुनी अंबरनाथच्या डोंगराकडून येते, १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला वळसा घालते, उल्हासनगरमधून विठ्ठलवाडीच्या अंगाने कल्याणला उतरते. वाटेत तिला एमआयडीसीचं पाणी मिळतं, गटारांचं मिळतं, आणि कित्येक वर्षं जीन्स धुण्याच्या गाळ्यांचं निळं पाणी मिळालं. त्या पहाटे तपासायला डॉक्टर लागले. पण ते रसायन टँकरमधून नदीत जाऊ नये, यासाठी वर्षानुवर्षं लागणारं माणूस म्हणजे केमिकल किंवा पर्यावरणाचा इंजिनिअर. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणारा, वासावरून गडबड ओळखणारा, आणि मालकाला नाही म्हणणारा. तो आपल्याकडे कमी आहे. रासायनिक कारखान्यांच्या कुशीत वाढलेली आपली मुलं ऑप्शन फॉर्मवर पहिल्या दहा ओळी कॉम्प्युटर, आयटी, एआय अशा भरतात आणि केमिकल खाली ढकलतात. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, १९३३ पासूनची, याच लोकलच्या मार्गावर आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाहून मुलं तिच्यासाठी येतात.

आपल्या मुलांना दोष तरी कसा द्यायचा? डोंबिवलीत मे २०१६ ला स्फोट, मे २०२४ ला पुन्हा स्फोट. शेजारच्या काकांची बोटं, कुणाच्या तरी छातीचा कफ. केमिकल म्हणजे काय हे इथल्या मुलांना पुस्तकाआधी नाकाने कळतं. म्हणून रसायनशास्त्र हा विषय नीटला आणि सीईटीलाही सामायिक असूनही, तो आपल्या गावाचा विषय आहे असं कुणाला वाटत नाही. मुलं सुटायचा रस्ता शोधतात. डॉक्टर झालं तर ठाण्याला, इंजिनिअर झालं तर पुण्याला. दोन्ही वाटांवरची पोरं गाव सोडायलाच शिकतात, आणि मग आपण मध्यवर्ती रुग्णालयात डॉक्टर का मिळत नाहीत म्हणून निवेदनं देतो.

यातून घरच्यांनी काय करावं, तर पहिलं म्हणजे दाखवावं. कॅम्प तीनमधल्या मध्यवर्ती रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी केसपेपरच्या रांगेपाशी पोराला दोन तास नुसतं उभं करा. रक्त पाहून चक्कर येते का, हा प्रश्न गौण आहे. तेच तेच दुखणं चाळिसाव्या माणसाकडून ऐकताना त्याला कंटाळा येतो की कुतूहल वाटतं, ते बघा. मग ओळखीच्या कुणाच्या तरी एमआयडीसीतल्या युनिटमध्ये एक दिवस पाठवा, किंवा सॉफ्टवेअरवाल्या मावसभावाशेजारी बसवा. त्याचं काम मीटिंगमध्ये किती आणि कोडमध्ये किती, ते कळू दे. असं काही न पाहता भरलेला फॉर्म हा आईबापाचा फॉर्म असतो.

दुसरं, अकरावीला शक्य असेल तर चारही विषय ठेवा. ओझं होतं, मान्य. पण पहिल्या काही महिन्यांत मूल कशाकडे आपणहून वळतं हे दिसू लागतं, आणि विषय बदलायची मुदत कधीपर्यंत आहे हे कॉलेजच्या कार्यालयात विचारता येतं. सोडायचाच झाला तर विषय मुलाने सोडावा, क्लासच्या वेळापत्रकाने नव्हे.

तिसरं पैशाचं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलाला किंवा दहावीची परीक्षा होण्याआधी प्रवेश देऊ नये. रँकची हमी देऊ नये. पूर्ण फी भरून मूल मध्येच बाहेर पडलं, तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी. ही तत्त्वं आहेत, अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे, त्यामुळे काउंटरवर ती कुणी तुमच्यासमोर वाचून दाखवणार नाही. तुम्हीच ती छापून न्या. दोन वर्षांची फी एकदम भरू नका, हप्ते मागा, प्रत्येक हप्त्याची पावती घ्या, आणि नीटच्या बॅचमधून सीईटीच्या बॅचमध्ये बदलून मिळेल का हे त्या पावतीवरच लिहून घ्या. लिहून द्यायला नकार देणारा क्लास पहिल्याच दिवशी सोडा. पुढची गल्ली फार लांब नसते.